लाल शाईतली जाहिरात

औषधांच्या त्या कंपनीत जाहिरातीचा कोणताही मजकूर बाहेर पडण्याआधी तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातल्या टेबलावर थांबत असे, आणि बहुतेक वेळा तिथेच बसत असे. त्या टेबलामागच्या बाईंनी एकवीस वर्षांत समासात लाल शाईने जे हजारो शेरे लिहिले, त्यांतले निम्मे एकाच शब्दाचे होते: 'पुरावा?' एकदा कुणीतरी 'फुलासारखी कोमल त्वचा' असे लिहून आणले, तेव्हा बाईंनी 'कोणते फूल?' असा शेरा मारून कागद परत धाडला. त्या दिवसापासून विक्री विभागात त्यांचे नाव पुरावाबाई पडले. बाईंना 'सुप्रभात' म्हटले तरी त्या आधी खिडकीबाहेर बघून खात्री करून घेतात, अशी तिथली थट्टा होती. बाईंच्या कानावर ती आली होती. त्यांना ती आवडलीही होती, पण हे त्यांनी कुणाला सांगितले नाही.

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या औषधांची जाहिरात लोकांपुढे करायला मनाई. त्यामुळे कंपनीचे सोशल मीडियावरचे पेज होते ते एकाच मालाचे, टाचांच्या भेगांवरच्या मलमाचे. दोन वर्षांपूर्वी त्यासाठी एका मुलीची नेमणूक झाली, आणि तिला सगळे पेजवाली म्हणू लागले. तिची प्रत्येक पोस्ट विक्री, वैद्यकीय आणि कायदा असे तीन विभाग हिंडून शेवटी बाईंकडे यायची. या प्रवासाला अठरा-वीस दिवस सहज लागत. कडक उन्हात लिहिलेली 'उन्हाळ्यात पायांची काळजी' लोकांपर्यंत पोहोचली तेव्हा ते पावसाचा चिखल तुडवत होते. तरी पेजवाली कधी रुसली नाही. कागद परत आला की ती बाईंच्या समोरच्या स्टुलाच्या कडेवर टेकायची आणि विचारायची, "आता कुठे दुखतंय, बाई?" बाई दुखरी जागा दाखवायच्या, ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची. दोघींचे असे भांडता भांडता मेतकूट जमले होते.

पेजवाली बाळंतपणाच्या रजेवर गेली आणि पेज पोरके झाले. धाकटे साहेब, म्हणजे कंपनी काढणाऱ्या मोठ्या साहेबांचे चिरंजीव, हिशेबी वृत्तीचे होते, वाईट नव्हते. त्यांनी ठरवले की तीन महिने कुणीतरी पेज सांभाळावे, तिमाहीच्या शेवटी त्याचा काही उपयोग दिसला तर ठेवावे, नाहीतर पेजही बंद आणि त्यावरची जागाही. पेज घ्यायला कुणीच पुढे येईना. तेव्हा साहेबांनी बाईंना बोलावून सांगितले, "इतकी वर्षं तुम्ही अडवलंत, आता तुम्हीच चालवून दाखवा." लिहिणाऱ्याने स्वतःचेच लिखाण मंजूर करायचे नाही, हा बाईंनीच घालून दिलेला नियम. म्हणून मंजुरीचे टेबल त्यांच्या हाताखालच्या तपासनिसाकडे गेले, आणि बाकीच्या तीन विभागांची फेरी साहेबांनी तिमाहीपुरती माफ केली. हा चौतीस वर्षांचा, अबोल, काटेकोर माणूस बाईंच्याच तालमीत तयार झालेला. कचेरीत त्याला शिष्य म्हणत. बाईंनी आपले लाल पेन त्याच्या हाती दिले, तेव्हा विक्री विभागातले लोक मुद्दाम बघायला आले होते.

जागा जाणार ही कुणकुण पेजवालीला लागली. तिचे बाळ तेव्हा पाच आठवड्यांचे होते, आणि टाके नीट भरले नसल्यामुळे डॉक्टरांनी तिला जिना चढायचीही बंदी केली होती. तिने बाईंना फोन केला. दोन महिने झाले की मी येते, बाळाला पाळणाघरात ठेवते, पूर्ण रजा घेतली तर परत यायला जागाच उरायची नाही, असे ती एका दमात सांगत सुटली. बाईंनी तिला गप्प केले. तू रजा पुरी कर, पेज मी बघते, असे त्या म्हणाल्या. म्हणून तर गेल्या. मग त्यांनी फोन ठेवला आणि त्यांना जाणवले की एकवीस वर्षांत आपण पहिल्यांदाच पुराव्याशिवाय एक दावा केला आहे.

पहिल्या सहा पोस्टी बाईंनी आपल्या पद्धतीने लिहिल्या. मलमातले घटक, त्यांचे प्रमाण, साठवणुकीचे तापमान. शिष्याने एकही शेरा न मारता त्या मंजूर केल्या, आणि लोकांनी एकही शब्द न लिहिता त्या बोटाने वर सरकवल्या. सगळ्यांत गाजलेल्या पोस्टीला अकरा लाइक मिळाले. त्यांतला एक मामंजींचा होता. बाईंचे सासरे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरातल्या सगळ्यांत मोबाइलवर जास्त वावर त्यांचाच. सुनेच्या प्रत्येक पोस्टीला ते कर्तव्य म्हणून अंगठा देत. सहाव्या पोस्टीनंतर मात्र त्यांना राहवेना.

"सूनबाई, रागावू नकोस," ते चहाचा कप खाली ठेवत म्हणाले. "पण यापेक्षा डबीतला कागद बरा. त्याची घडी उलगडण्यात तरी जरा गंमत असते."

तिमाही संपायला तीन आठवडे उरले होते. बाईंच्या डोळ्यांपुढे जिना चढणारी पेजवाली यायची. शेवटी एका दुपारी त्यांनी मन घट्ट केले आणि ज्या शब्दांवर आयुष्यभर काट मारली, तेच शब्द स्वतःच्या हाताने लिहिले: 'थकलेल्या टाचांना नवी चाल. आठवड्याभरात भेगा गायब. हे मलम लावा आणि फुलांवर चालल्यासारखे चाला.' खाली हसऱ्या टाचांचे चित्र. टाच हसते कशी, हे चित्रकारालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी कागद परत आला. गुरूची विद्या गुरूला म्हणतात, ती त्या कागदावर सांडली होती. चौदा शेरे. 'गायब' या शब्दाखाली दोन रेघा: 'पुरावा? आपल्या चाचणीत शंभरांपैकी एकसष्ट जणांच्या भेगा कमी झाल्या. गायब कुणाच्याही नाहीत.' पुढे: 'आठवड्याभरात नव्हे, चार आठवड्यांत. तेही रोज दोनदा लावल्यास.' फुलांपाशी: 'कोण चालले आहे?' आणि तळाशी, पेन दाबून लिहिलेल्या मोठ्या अक्षरांत: 'रक्त येणाऱ्या भेगेवर हे मलम लावू नये. मधुमेह असेल तर आधी डॉक्टरांना पाय दाखवावा. ही वाक्ये कुठे आहेत? ती आधी, फुले नंतर.'

बाई लाजेने लालबुंद झाल्या, आणि तितक्याच खूशही झाल्या. यापेक्षा चांगली तपासणी त्यांनी स्वतःही केली नसती. चौदाही शेरे मान्य करून त्यांनी मजकूर नव्याने लिहिला. फुले गेली, टाचेचे हसू गेले. उरले ते खरे होते आणि बेचव होते. शिष्याने सही केली.

कंपनीच्या शिस्तीप्रमाणे शेरे मारलेली प्रत आणि मंजूर प्रत अशा दोन्हींची छायाचित्रे एकाच क्रमांकाने एकाच फाइलीत राहतात. फरक असतो तो शेवटच्या आकड्याचा. संध्याकाळी पावणेसहाला बाईंनी पोस्ट टाकायला घेतली. सवयीप्रमाणे तीनदा तपासली. मलमाचे नाव बरोबर, परवाना क्रमांक बरोबर, कंपनीचा पत्ता बरोबर. लाल शाई त्यांना दिसलीच नाही. एकवीस वर्षे त्यांच्या हाताखालून गेलेला प्रत्येक कागद तांबडाच होता. मासोळीला पाणी दिसत नाही, तशी बाईंना लाल शाई दिसेनाशी झाली होती. त्यांनी बटण दाबले, टेबल आवरले आणि त्या घरी गेल्या.

सात वाजता मामंजी खुर्चीतून उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. त्यांचा चेहरा विलक्षण उजळला होता.

"आज खरी जाहिरात केलीस," ते म्हणाले. "मी चाळीस जणांना पाठवली."

बाईंनी ओले हात पुसून त्यांचा मोबाइल घेतला. पडद्यावर फुले होती, हसरी टाच होती, आणि त्या सगळ्यावर शिष्याचे चौदा शेरे रक्तासारखे पसरले होते. बाई जवळच्या पिंपावर बसल्या. सव्वा तासात ती पोस्ट दोन हजार लोकांनी पाहिली होती. खाली कॉमेंटची रीघ लागली होती. 'कंपनीने कंपनीलाच घरचा आहेर दिला,' असे एकाने लिहिले होते. 'औषधवाले पहिल्यांदाच खरे बोलले, तेही चुकून,' असे दुसऱ्याने. तिसरा म्हणत होता, 'मी उरलेल्या एकोणचाळिसांपैकी. वर्षभर मला वाटत होते की दोष माझ्या टाचेचा आहे.' आणि बऱ्याच बायकांचा प्रश्न एकच होता: हा लाल शाईवाला कोण, आणि त्याचे लग्न झाले आहे का?

मंजूर न झालेली जाहिरात लोकांपुढे गेली होती. नियमाने ती त्या क्षणी काढायला हवी होती. मात्र काढण्याआधी खालच्या प्रत्येक कॉमेंटची नोंद घ्यायची, कारण त्यात कुणी त्रास झाल्याचे लिहिले असेल तर ते एका दिवसात नोंदवहीत यायला हवे, हाही नियमच होता. बाईंनी स्वतःचा मोबाइल घेतला, कागद-पेन घेतले आणि एकेक कॉमेंट उतरवायला सुरुवात केली. सत्ताविसाव्या कॉमेंटपाशी त्यांचा हात थांबला.

'आईच्या टाचेतून रक्त येते. तिला साखरेचा आजार आहे. तीन आठवडे हेच मलम भेगेत भरतो आहोत. लाल अक्षरांत लिहिले आहे ते खरे का? कुणी सांगेल का?'

नऊ मिनिटांपूर्वी एका मुलीने विचारलेला प्रश्न होता. पेजवरून द्यायच्या उत्तरांची एक यादी होती, अकरा वाक्यांची, बाईंनीच मंजूर केलेली. त्यातले सगळ्यांत जवळचे वाक्य असे होते: 'आपल्या प्रतिसादाबद्दल आभार. कृपया डबीवरील सूचना वाचाव्यात.' बाईंनी ते मनात दोनदा वाचून पाहिले. डबीवरच्या सूचना त्यांनीच तपासल्या होत्या. ते वाक्य तिथे होते, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. तीन आठवडे ते त्या घरात होते आणि कुणाला दिसले नव्हते. आज दिसले ते केवळ त्यांच्या चुकीमुळे. आता पोस्ट काढून टाकली, तर विचारणाऱ्या मुलीला उत्तर मिळणार नव्हतेच, वर ते लाल वाक्यही तिच्यासमोरून नाहीसे होणार होते.

बाईंनी लिहिले: 'लाल अक्षरांतले खरे आहे. मलम आजपासून बंद करा. उद्या सकाळीच आईंचा पाय डॉक्टरांना दाखवा, आणि ते काय म्हणाले ते मला कळवा.' यातले एकही वाक्य यादीत नव्हते. त्यांनी ते पाठवले, आणि पोस्ट राहू दिली.

"ओरडा बसेल का गं?" मामंजींनी हळूच विचारले.

"बसेल," बाई म्हणाल्या. "बसायलाच हवा."

दुसऱ्या दिवशी कचेरी उघडायच्या आत बाई टेबलाशी होत्या. चुकीचा अहवाल लिहायचा छापील तक्ता असतो. तो आजवर त्यांनी इतरांकडून भरून घेतला होता. आज त्यांनी तो स्वतःविरुद्ध भरला. काय घडले, कोणी केले, का घडले. 'का' च्या रकान्यात त्यांनी 'लाल शाई डोळ्यांना सवयीची झाल्यामुळे दिसली नाही' असे लिहिले, आणि मंजूर नसलेले उत्तर दिल्याची कबुली वेगळ्या ओळीत घातली. शिष्य आला, त्याने तक्ता वाचला, दोन ठिकाणी वेळ लिहायची राहिली आहे असे सांगितले आणि मग आपला वाजणारा मोबाइल खणात टाकला. त्याच्या गावाकडच्या बहिणीने त्याचे अक्षर ओळखून तसे कॉमेंटमध्ये लिहिले होते. लग्नाच्या चौकशीचे सहा निरोप तिच्याकडे जमा होते.

साडेनऊला पेजवालीचा फोन आला. तिने सगळे पाहिले होते. ती चिडली असती तर बाईंना बरे वाटले असते. पण ती अगदी लहान आवाजात बोलली.

"बाई, तुम्ही माझ्यासाठीच केलंत, मला कळतंय. पण आता साहेबांना निमित्त मिळालं. मी सोमवारपासून येऊ का? समोर दिसले तर निदान काढायला त्यांना जड जाईल."

"तू जागची हलू नकोस," बाई म्हणाल्या. त्या चुकीची शिक्षा त्यांना मान्य होती. पण शिक्षा भोगायची पाळी भलत्याच माणसावर येणार होती, आणि तेवढे एक त्यांच्या कुठल्याच तक्त्यात बसत नव्हते.

या प्रकारावर धाकट्या साहेबांनी शुक्रवारी बैठक बोलावली. मधले दोन दिवस बाई आणि शिष्य कॉमेंट उतरवत राहिले. लोक आता मोकळेपणाने लिहीत होते. मलम लावून मोजे घालावेत का, फरशी घसरडी होते का, बाळंतिणीने लावले तर चालेल का. शिष्य उत्तरे तपासायचा, बाई लिहायच्या. मंजुरीला वीस दिवस लागायचे तिथे आता वीस मिनिटे लागत होती, कारण दोघेही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले होते आणि हे इतकी वर्षे कुणाला सुचले नव्हते. गुरुवारी दुपारी त्या मुलीचा निरोप आला. डॉक्टरांनी आईची टाच उघडून साफ केली होती. जखम आत पसरू लागली होती, पण वेळेत आलात असे ते म्हणाले होते. रोज पट्टी बदलायची होती, पाय वाचला होता. बाईंनी निरोप वाचला, चष्मा काढून पुसला आणि निरोप कागदावर जसाच्या तसा उतरवला.

धाकट्या साहेबांनी बैठकीत सुरुवातीलाच निकाल सांगून टाकला. त्यांना सकाळपासून तीन ओळखीच्यांनी हसून फोन केले होते. शिवाय विक्रीचे लोक धास्तावले होते, की आता सगळे विचारणार, उरलेल्या एकोणचाळिसांचे काय. पेज आजच बंद करू, जागेचे पुढच्या महिन्यात बघू, असे ते म्हणाले. विक्रीप्रमुखांनी मान हलवली. बाईंनी आपला तक्ता पुढे सरकवला. चूक माझी आहे, पेजची नाही, आणि जी मुलगी इथे नव्हतीच तिची तर अजिबात नाही, असे त्यांनी आधी सांगितले. मग त्यांनी दुसरा कागद काढला.

"साहेब, डबीवर तक्रारीसाठी फोन नंबर छापलेला आहे. गेल्या वर्षभरात त्यावर किती नोंदी आल्या?"

साहेबांना माहीत नव्हते. शिष्याला माहीत होते. सहा, तो म्हणाला.

"आणि या पेजवर तीन दिवसांत एकतीस," बाई म्हणाल्या. "त्यांतल्या नऊ जणांनी मलम उघड्या जखमेवर लावलं होतं. हे लोक आधीही लावत होते, साहेब. आपल्याला कळत नव्हतं, एवढंच."

त्यांनी त्या मुलीचा निरोप वाचून दाखवला. त्यात काही घातले नाही, काही गाळले नाही. विक्रीप्रमुखांनी पाण्याचा ग्लास उचलला. तेवढ्यात, आजवर बैठकीत विचारल्याशिवाय कधीच न बोललेला शिष्य बोलला. डबीवरचे ते वाक्य मी आणि बाईंनी मिळून मंजूर केले होते, म्हणाला; अक्षर लहान आहे हे तेव्हा आमच्या लक्षात आले नाही, आमच्याही चुकीचा एक तक्ता मी भरून आणला आहे. आणि त्याने तो खरोखरच टेबलावर ठेवला.

धाकट्या साहेबांनी दोन्ही तक्ते पाहिले, मग त्या दोघांकडे पाहिले. "तुम्ही दोघं माणसं आहात की काय आहात," ते म्हणाले, पण त्यांचा आवाज उतरला होता. त्यांनी निरोपाचा कागद मागून घेतला आणि स्वतः पुन्हा वाचला. त्यांच्या आईलाही साखरेचा आजार होता. ते तिथे कुणी बोलले नाही, पण जुन्या माणसांना माहीत होते.

निकाल तासाभराने ठरला. डबीवरचे वाक्य मोठ्या अक्षरांत, वरच्या बाजूला यायचे होते. पोस्ट तशीच राहणार होती, फक्त तिच्यावर 'ही प्रत चुकून प्रसिद्ध झाली. लाल शेरे बरोबर आहेत' अशी ओळ जोडायची होती. पेज चालू राहणार होते, आणि लोकांच्या प्रश्नांना रोज उत्तरे द्यायची म्हणजे त्याला पूर्ण वेळ माणूस लागणार, हे साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगून तसे पत्र करायला लावले. बाईंना शिक्षा झाली ती नियमातली: मंजूर फाइल कशी निवडावी, या विषयावरच्या वर्गाला हजर राहणे. तो वर्ग एरवी बाईच घेत. या वेळी तो शिष्य घेणार होता, आणि विक्री विभागाने त्याच दिवशी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या अडवून ठेवल्या.

पत्रावर सही झाल्याशिवाय बाईंनी पेजवालीला फोन केला नाही. सही झाली, शिक्का बसला, तेव्हा त्या जिन्यातल्या खिडकीपाशी गेल्या. तुझी जागा राहिली, त्या म्हणाल्या. लेखी आहे. रजा पुरी घ्यायची, एक दिवसही कमी नाही.

पलीकडून हसू आणि रडू यांची अशी सरमिसळ ऐकू आली, की बाईंना मोबाइल कानापासून जरा दूर धरावा लागला. सावरल्यावर पेजवाली भराभर बोलू लागली. पुढची पोस्ट मोज्यांवर करायला हवी, लोक तेच विचारताहेत, माझ्या डोक्यात सुरुवात तयार आहे, आत्ता लिहून पाठवू का.

"नाही," बाई म्हणाल्या. "रजेवरच्या माणसाकडून काम घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"नुसती एक ओळ, बाई."

तेवढ्यात तिकडे बाळ रडायला लागले. आधी कुरकुरले, मग चांगलेच पेटले. पेजवाली घाईने थांबा थांबा म्हणू लागली, ते कुणाला हे तिचे तिलाच कळत नसावे.

"जा, त्याला घे," बाई म्हणाल्या. "आपल्याला चार महिने आहेत."

फोन बंद झाला. बाई वर आल्या. शिष्याने त्यांच्यासाठी उत्तर न दिलेल्या तेवीस कॉमेंट काढून ठेवल्या होत्या. खुर्ची ओढून बाई त्याच्या समोर बसल्या, आणि पहिली वाचू लागल्या.